आंबा घाटाची चढण

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे काढल्यानंतर माणसाच्या अंगी एक सवय कायमची मुरते. समोर आलेला प्रत्येक आकडा तो आधी पडताळून पाहतो आणि मग त्यावर विश्वास ठेवतो. निवृत्तीनंतर ही सवय जायला हवी होती, पण ती गेली नाही. पुतण्याच्या पेढीचे हिशेब मी हौसेने पाहू लागलो आणि याच सवयीपायी गेल्या मार्गशीर्षात मला सांगली ते रत्नागिरी असा प्रवास करावा लागला. वाचकांपैकी अनेकांच्या दारी मालवाहू वाहन आणि ते चालवणारा जुना, विश्वासू माणूस असतो. म्हणून त्या प्रवासाची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

आमची पेढी हळद, बेदाणा आणि गूळ यांची. रत्नागिरीतील काही जुन्या दुकानदारांना वर्षातून सहा-सात वेळा माल जातो आणि परतीच्या वाटेवर नारळ, सुपारी व आमसूल येते. या कामासाठी 2004 साली घेतलेली एक डिझेलची पिकअप आहे. ती पहिल्या दिवसापासून एकाच चालकाच्या हाती आहे. घरातील लहानथोर त्यांना ‘मामा’ म्हणतात. माझ्या पुतण्याला शाळेत सोडण्यापासून माझ्या आईला इस्पितळात नेण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी केलेली.

वर्षभरापासून मात्र गाडीची तक्रार सुरू झाली होती. सपाटीवर ती नीट चाले, पण परतताना घाटात एकाएकी दम सोडून बंद पडे. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होई आणि थोड्या अंतरावर पुन्हा थांबे. आमच्या गावात दोन गॅरेजे पालथी घातली. एकाने नोझल बदलले, दुसऱ्याने पंप उतरवून तपासला. एकूण साडेअकरा हजारांची बिले झाली. दोघांनीही गाडी बायपासवर रिकामी फिरवून पाहिली आणि ‘ठीक आहे’ म्हणून हवाली केली. पुढच्या खेपेला घाटात तेच.

त्यातच माझ्या हिशेबात आणखी एक गोष्ट आली. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी आता अकराच्या आसपास येत होती. येण्याजाण्याच्या सुमारे 360 किलोमीटरना पूर्वी तीस लिटर लागत, आता तेहतीस लागू लागले. पुतण्याने कागद पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “काका, डिझेल काढलं जातंय का हो? की काढून त्यात रॉकेल घातलं जातंय? तसं असेल तर गाडी बंद पडण्याचंही कारण कळलं.” मी त्याला गप्प केले नाही. हीच माझी पहिली चूक. “पुढच्या खेपेला मी सोबत जातो,” एवढेच म्हणालो. समुद्र पाहायचा आहे, हे मामांना सांगितलेले कारण. खिशात वही होती.

पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. अंकलीच्या पुलावर कृष्णेवर धुके होते. येथून जवळच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. त्याच हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. 2005 च्या महापुराने बहुतेक पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्या पेवांतून बाहेर येणाऱ्या हळदीचा गंध ज्यांनी घेतला आहे त्यांना ती उणीव जाणवतेच. मामांनी पेवांविषयी बरेच सांगितले. त्यांचे वडील पेवात उतरणारे हमाल होते. वीस वर्षे ज्यांच्या शेजारी बसून मी प्रवास केला त्यांच्याविषयी ही साधी गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावे वसवलेले जयसिंगपूर मागे पडले, हातकणंगले गेले आणि उजाडता उजाडता कोल्हापुरात पंचगंगा ओलांडली. वाघबिळापाशी पन्हाळ्याचा फाटा लागतो. पुढे बांबवडे, मलकापूर. उसाची शेते विरळ होत जातात आणि भाताची खाचरे, मग झाडी सुरू होते. 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभूंनी जी खिंड लढवली ती याच मुलखात, पन्हाळा आणि विशाळगड यांच्या दरम्यान. भर पावसात, रात्रीच्या अंधारात ही वाट तुडवणाऱ्या माणसांचा विचार मनात आला की आपल्या प्रवासातील अडचणी फार लहान वाटतात.

कोल्हापूर ते आंबा ही चढण लांबवर पसरलेली आहे, त्यामुळे ती अंगावर येत नाही. गाडीने जाताना एकदाही कुरकूर केली नाही. आंबा गावापुढे सह्याद्रीची कड येते आणि रस्ता एकदम खाली झेपावतो. कडेच्या अलीकडचे पाणी कडवी नदीतून वारणेला आणि पुढे कृष्णेला मिळते, पलीकडचे काजळी नदीने रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत उतरते. घाटाच्या पायथ्याशी साखरपा, मग नाणीज, पाली आणि हातखंबा अशी गावे घेत दुपारी आम्ही रत्नागिरीला पोहोचलो.

माल उतरवून होईपर्यंत मी थिबा राजवाडा पाहून आलो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी येथे आणून ठेवले आणि 1916 मध्ये येथेच त्याचा अंत झाला. संशयाच्या पहाऱ्यात आयुष्य काढलेल्या त्या माणसाच्या वास्तूत फिरताना खिशातली वही मला थोडी जड वाटली, हे खरे. रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी भाट्याकडून बाराशे नारळ आणि सुपारीची चार पोती भरली. दुपारी एकच्या सुमारास परतीची वाट धरली. माझ्या वहीत किलोमीटर, लिटर आणि काट्याची जागा यांची नोंद होती. टाकीचा काटा पावभर दाखवत होता.

साखरपा सोडले आणि घाट लागला. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीचा जोर हळूहळू ओसरू लागला. मामांनी गिअर उतरवला, पुन्हा उतरवला. इंजिनाने दोनतीन आचके दिले आणि ते बंद पडले. मामा झटकन खाली उतरले, मागच्या चाकांना दगड लावले आणि वळणाअलीकडे वाळलेल्या फांद्या रस्त्यात टाकून आले. खाली दरीत वाऱ्याचा आवाज येत होता. वरून उतरणारे ट्रक आमच्याकडे पाहत जात होते.

“डिझेल ओढत नाही, आण्णा,” मामा म्हणाले.

वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, दोन वळणे चढली आणि पुन्हा थांबली. मी म्हणालो, “न्यूट्रल करून खाली साखरप्यापर्यंत सोडता येणार नाही का?” मामांनी मान हलवली. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत जाते. एक टन माल घेऊन अशा गाडीने घाट उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. थोड्या वेळाने इंजिन पुन्हा चालू झाले, तेव्हा रुंद जागा पाहून त्यांनी गाडी वळवली आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश साखरप्याला आणली. उताराला डिझेल फारसे लागत नाही, म्हणून ती वाटेत थांबली नाही.

नाक्यापासून थोडे आत पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. वय पंचावन्नच्या आसपास. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. एका स्टुलावर मला बसवले, दुसऱ्यावर स्वतः बसले आणि विचारू लागले.

“काका, गाडी झटक्यात बंद पडली, की दम घेत घेत?”

“दम घेत घेत,” मामांनी उत्तर दिले.

“धूर?”

“नाही.”

“पाण्याचा काटा वर गेला होता?”

“नाही. थोडं थांबलं की सुरू होते. सपाटीवर काही त्रास नाही.”

मिस्त्रींनी मला समजावून सांगितले, कारण मी वही उघडून बसलो होतो. काळा धूर असता तर हवा कमी पडते आहे असे समजून एअर फिल्टर पाहावा लागला असता. निळसर असता तर ऑइल जळते आहे. दाट पांढरा असता तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरात पाणी जाते आहे. झटक्यात बंद पडली असती तर बंद करण्याच्या सोलेनॉइडची वायर सैल आहे का ते पाहिले असते. धूर नाही, तापणे नाही, दम घेत घेत बंद पडते आणि थांबल्यावर पुन्हा चालू होते, याचा अर्थ इंजिनाला उपवास घडतो आहे. डिझेल पोहोचत नाही. आता ते कोठे अडते एवढेच शोधायचे.

त्यांनी शोधले ते ज्या रीतीने, ती पाहून माझ्यासारखा हिशेबनीस थक्क झाला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, तर फेसाळ डिझेल आले. “एअर घेतेय,” ते म्हणाले. मग टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून सोडवली. एका पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल भरले, तो कॅन केबिनच्या मागे उंचावर बांधला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली. एअर काढून इंजिन चालू केले. “चला घाटात,” ते म्हणाले. माल तसाच होता. ज्या वळणांवर गाडी बंद पडली होती ती वळणे तिने न थांबता पार केली. चार किलोमीटर वर जाऊन आम्ही परतलो.

“बघा काका, पंप चोख, नोझल चोख. दोष पंपाच्या मागे. आता पुढचं काही उघडायचंच नाही.”

बँकेत ताळा जुळत नसला की आम्ही काय करायचो? वर्षाची खातेवही मध्यावर तोडून कोणत्या अर्ध्यात फरक आहे ते आधी ठरवायचो. हा मनुष्य तेच करत होता. आमच्या गावातील दोन गॅरेजांनी मात्र दोष कोणत्या अर्ध्यात आहे हे न पाहता पंप आणि नोझल यांवर पैसे खर्च करवले होते, आणि रिकामी गाडी सपाटीवर फिरवून तिची परीक्षा घेतली होती.

मग टाकी. झाकणाची हवेची वाट बुजली तर टाकीत ओढ निर्माण होते आणि डिझेल येईनासे होते. म्हणून आधी झाकण पाहिले. ते ठीक होते. नंतर खालचा बोल्ट सोडून टाकीतले डिझेल पांढऱ्या घमेल्यात घेतले. सुरुवातीला स्वच्छ आले, मग तांबूस आणि शेवटी गंजाचा दाट चिखल. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते. आतल्या नळीच्या टोकाची जाळी चिखलाने माखली होती. इंजिन ओढ घेई तेव्हा गाळ जाळीवर चिकटे आणि इंजिन थांबले की तो सुटून खाली बसे. वीस मिनिटांनी गाडी पुन्हा का सुरू होते, याचे उत्तर समोर घमेल्यात होते.

मिस्त्रींनी मामांना विचारले, “टाकी कधी पूर्ण भरता की नाही?”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मीच विचारले, “त्याचा काय संबंध?”

“लोखंडी टाकी अर्धवट रिकामी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा रात्री गारठ्याने पत्र्याला लागतो. त्याचं पाणी होतं, पाण्यानं गंज. आणि या टाकीत नळी पुढच्या बाजूला आहे. चढावर डिझेल मागं सरकतं. पावभर असेल तर नळीला गाळ आणि हवाच मिळणार.”

वाचकहो, पेढीच्या गाडीत एका वेळी पंधरा लिटरपेक्षा अधिक डिझेल भरू नये, हा नियम माझा होता. तीन वर्षांपूर्वी हिशेबावर नियंत्रण राहावे म्हणून तो मी घालून दिला होता. माझ्या दृष्टीने ती उत्तम व्यवस्था होती, कारण प्रत्येक व्हाउचर लहान आणि प्रत्येक नोंद ताबडतोब. साठ लिटरची टाकी तीन वर्षे कधी अर्धीही भरली नव्हती.

राहिला प्रश्न वाढत्या खर्चाचा. मिस्त्रींनी गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरले आणि इंजिन चालू ठेवले. कॅनवर चालणाऱ्या इंजिनाचे जास्तीचे डिझेल परत टाकीकडे नेणारी रबरी नळी टाकीजवळ चिरली होती. तिच्यावर धूळ आणि डिझेल यांचा ओला थर होता. कागदावर थेंब पडू लागले. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चाळीसच्या आसपास. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला एकशेवीस मिलिलिटर होतात, आणि इंजिन जोरात चालताना त्याहून अधिक. दहा-अकरा तासांच्या एका खेपेत दीड-दोन लिटर रस्त्यावर जात होते. उरलेली घट घाटातले अडखळणे आणि खालच्या गिअरमधली ओढाताण यांतून निघते. चोर सापडला होता. तो एक वीतभर रबराचा तुकडा होता.

टाकी उतरवून धुऊन वाळवण्यास रात्र लागणार होती. सूर्य मावळण्यापूर्वी आम्ही दोघांनी डब्यातली भाकरी आणि भाजी खाल्ली. शेडमागच्या खोलीत सतरंजी अंथरली. काजळीकडून गार वारा येत होता. मला झोप येईना. शेवटी मी म्हणालो, “मामा, मी समुद्र पाहायला आलो नव्हतो.”

“ठाऊक आहे, आण्णा. वही बघितली तेव्हाच कळलं.”

“मग बोललात का नाही?”

“काय बोलणार? ज्याच्यावर संशय आहे त्यानं ‘मी नाही’ म्हटलं, तर कुणाला पटतं?” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “टाकीचं मी आधीच सांगितलं होतं. दोन वेळा चिठ्ठी लिहून दिली होती.”

मी त्यांची क्षमा मागितली. “झोपा आता, सकाळी लवकर निघायचंय,” एवढेच ते बोलले. त्या शब्दांत क्षमा होती की नव्हती, हे मी आजही सांगू शकत नाही. क्षमा मागणे आपल्या हातात असते. ती मिळणे दुसऱ्याच्या हातात असते.

सकाळी स्वच्छ टाकी, नवी जाळी, नवा फिल्टर आणि दोन नव्या नळ्या बसवून मिस्त्रींनी बिल दिले. साहित्यासह तीन हजार दोनशे रुपये. साखरप्यातच टाकी काठोकाठ भरली. आंबा घाट गाडी एका दमात चढली. माथ्यावर मामांनी चहासाठी थांबवली तेव्हा मी वहीतली पाने फाडून खिशात टाकली.

घरी पोहोचल्यावर मी प्रथम व्हाउचरची फाईल काढली. आठ महिन्यांपूर्वीची चिठ्ठी मिळाली. मामांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘टाकीत गंज आहे, उतरवून साफ करावी लागेल. खर्च अंदाजे दोन हजार.’ तिच्या कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता, ‘पुढील महिन्यात पाहू’. खाली माझी सही. चार महिन्यांनंतरच्या दुसऱ्या चिठ्ठीवरही तोच शेरा. दोन हजार वाचवताना साडेअकरा हजार गेले, हा पैशांचा हिशेब सोपा आहे. वीस वर्षांच्या सेवेवर वर्षभर जो डाग राहिला त्याची नोंद कोणत्या खात्यात करावी, हे मला एम.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

दोन्ही चिठ्ठ्या मी पुतण्यापुढे ठेवल्या. त्याने त्या वाचल्या आणि बराच वेळ मान वर केली नाही. संध्याकाळी तो स्वतः मामांच्या घरी गेला. तेथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पंधरा लिटरचा नियम रद्द झाला. आता टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर टाकीचा तळ सोडून गाळ आणि पाणी काढायचे आणि चालकाने लिहून दिलेल्या दुरुस्तीवर आठ दिवसांत निर्णय द्यायचा, असे ठरले. शेवटची अट माझ्यासाठी आहे. तिच्याखाली मी सही केली आहे.

ज्या वाचकांकडे जुनी मालगाडी आहे त्यांना अनुभवाने एवढेच सांगावेसे वाटते. गाडी एकाएकी बिघडली तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी ती कशी, केव्हा आणि कोठे थांबते हे चालवणाऱ्यालाच नीट विचारावे. ज्या स्थितीत ती बंद पडते त्याच स्थितीत, त्याच भारासह तिची परीक्षा घ्यावी. दोष कोणत्या अर्ध्यात आहे हे आधी ठरवावे. आणि खर्चाचा आकडा जुळत नसेल तर माणसाकडे बोट दाखवण्यापूर्वी एकदा गाडीखाली कागद पसरून पाहावा.

पुढच्या महिन्यात पुन्हा रत्नागिरीची खेप आहे. मामांनी स्वतःहून विचारले, “आण्णा, येणार का? यावेळी समुद्र दाखवतो.” मी जाणार आहे. वही घरीच ठेवून.